वरल्या वाडीचा कौल

यंत्राच्या खड्ड्यात कुणीतरी शेणकाला ओतला होता. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तो उपसत होते आणि वर बांधावर चार-पाच बाया पदर खोचून उभ्या होत्या. हसत नव्हत्या. हसल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. मळणी बघावी तसं त्या माझं उपसणं बघत होत्या, अगदी शेवटच्या ओंजळीपर्यंत.

"हात धुवन घे," त्यांतली एक म्हणाली. "उद्या परत घालुचा आसा."

करंजखोल गावात मला येऊन आठवडाही झाला नव्हता. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. सड्याच्या कुशीत वरली वाडी. तिच्याखाली भाताची खाचरं, खालची वाडी, देऊळ. आणि पश्चिमेला दोन टेकड्या ओलांडल्या की समुद्र. गेल्या पावसाळ्यानंतर सड्याला भेग पडली होती. आधी तिच्यात नुसती काठी जायची, आता माणसाचा हात कोपरापर्यंत जात होता. जांभ्याच्या खाली शेडी असते, पांढरट-गुलाबी मऊ माती. कोरडी असताना ती बापडी असते, पाणी प्याली की लोण्यासारखी घसरते. ती शेडी वरल्या वाडीच्या खाली किती जाड आहे, एवढंच मला शोधायचं होतं. पुढच्या पावसाळ्याच्या आत. वरल्या वाडीतल्या माणसांनी तिथं राहायचं की उठायचं, ते त्यावर ठरणार होतं.

आणि गावाला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं.

त्यांचंही बरोबर होतं. दोन वर्षांपूर्वी असेच कुणी साहेब सडा मोजून गेले होते, दगडांना चुन्याचे पट्टे ओढून गेले होते, आणि मागून बातमी आली होती की सड्यावर कारखाना येणार, गाव उठवणार. कारखाना आला नाही, पण तेव्हापासून हातात यंत्र असलेलं माणूस गावाला सापासारखं दिसायचं. मी सांगत होते की माझं खातं वेगळं, काम वेगळं. नंदू परब म्हणायचा की सगळ्यांची खाती वेगळी असतात, फक्त जमीन एकच असते. हा नंदू वरल्या वाडीतला. मस्कतला गाडी चालवून त्यानं वाडीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं होतं. रंग अजून ओला वाटावा असं नवं घर. त्याच्या अंगणातून भेग दिसायची, म्हणून त्यानं त्या बाजूला भिंत घातली होती.

माझ्याबरोबर दस्तगीरभाई होते. मिरजेचे, माझ्याहून वयानं मोठे, यंत्रं पुरण्यात हयात गेलेली. ते म्हणायचे, "बाई, शेण टाकतात तोवर ठीक आहे. दगड उचलला की सांगा, मी गाडी चालू करतो."

गावात ज्याचा शब्द चालायचा तो सरपंच नव्हता. तो होता बाबल घाडी. घाडी म्हणजे देवाला प्रश्न घालणारा. लग्न जुळवायचं, विहीर खणायची, पेरणी धरायची, की आधी बाबलनं पाषाणावर कौल लावायचा आणि देवानं उत्तर द्यायचं. वाळलेला, उंच, कपाळाला अष्टगंध, आवाज कधी वर जायचा नाही. त्याचं घर वरल्या वाडीतच, सड्याला सगळ्यात चिकटून. पहिल्या दिवशी मी त्याच्या पायरीशी जाऊन त्याला काका म्हटलं होतं.

"मी तुजो काका नाय," तो म्हणाला. "घाडी म्हण."

एवढं बोलून त्यानं दार लावलं होतं.

शेण उपसून, यंत्र धुऊन आम्ही ते पुन्हा पुरलं. यंत्र म्हणजे डब्याएवढी वस्तू. ती जमिनीची थरथर टिपते. सुरुंग लावून खालचं बघता आलं असतं, पण भेगेच्या तोंडाशी सुरुंग कोण लावणार? बोअर मारायचं यंत्र वर चढत नव्हतं. म्हणून आम्ही नुसतं ऐकत होतो. समुद्र किनाऱ्यावर आपटतो, त्याची गुणगुण जमिनीच्या पोटातून सारखी चालत असते. लांबच्या रेल्वेची असते, महामार्गावरच्या ट्रकांची असते. तीच गुणगुण आधी एका यंत्राखालून जाते, मग दुसऱ्या. दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवून एक हळूहळू सरकवत न्यायची. कुठंतरी त्या दोघी गळ्यात गळा घालतात. किती सरकवावी लागली, तितका वेळ लाटेला मधली वाट चालायला लागला. घट्ट कातळातून लाट पळत जाते, भिजक्या मातीतून पाय ओढत जाते. अशा पुष्कळ जोड्या जुळवल्या की दोन यंत्रांच्या मधलं न पाहिलेलं पोट दिसायला लागतं.

पण करंजखोलमध्ये काही जुळत नव्हतं. लांबचा आवाज कामाचा असतो, जवळचा घात करतो. इथं विहिरीविहिरीवर पंप होते, सड्याच्या मागच्या अंगाला चिरेखाण होती, तिथली दगड कापायची यंत्रं दिवसभर एकाच सुरात किंचाळायची. समुद्राची गुणगुण त्याखाली बुडून जायची. मी नोंदी सरकवून सरकवून थकले. हाताला लागायचा तो फक्त पंपांचा सूर. मी पंप काही वेळ बंद ठेवायची विनंती केली, त्या दिवशी नंदूनं मुद्दाम दुसराही पंप लावला, आणि पाणी नुसतं रस्त्यावर वाहू दिलं.

मार्गशीर्ष लागला आणि गावपळण ठरली.

काही वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि सगळं गाव गाव सोडतं. माणूस, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातलं पोर, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, कुणी मागं राहायचं नाही. चुली विझवायच्या, देवळातली समई शांत करायची, शिवेच्या बाहेर माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या खोपी घालून तीन रात्री काढायच्या. तेवढ्या काळात गावात देव एकटा फिरतो. मग पुन्हा कौल लावायचा, देवानं बोलावलं की परत यायचं.

देवळासमोर बैठक बसली. मला बोलावलं होतं, पण बसायला कुणी सांगितलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, यंत्रं गावात राहू द्या. तुम्ही नसाल, पंप नसतील, खाण बंद असेल, मला जे हवं ते त्या तीन दिवसांत मिळेल. माझं बोलणं पुरं झालं. मग एकदम सगळे बोलायला लागले. देव फिरत असताना त्याच्या पायाखाली कान पुरून ठेवणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य आगीसारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. एका म्हातारीनं माझ्या दिशेनं बोटं मोडली.

बाबल घाडीनं हात वर केला.

"शिवेच्या आत काय्यक रवाचा नाय," तो म्हणाला. "माणूस नाय, दिवो नाय, तुजी यंत्रा नाय. शिवेच्या भायर तू काय ता कर."

नंदू म्हणाला, बाहेर तरी कशाला, हिला महामार्गापर्यंत पोचवून या. घाडीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी संतापून खोलीवर आले. सगळी यंत्रं उपटताना मला रडू येत होतं आणि दस्तगीरभाई समजूत काढत नव्हते, फक्त एकेक यंत्र पुसून पेटीत ठेवत होते. शेवटचं ठेवून ते म्हणाले की शीव बघून तरी येऊ, खोपी कुठं घालणार आहेत ते कळेल. आम्ही शिवेवरून चाललो. एका अंगाला ओहोळ, दुसऱ्या अंगाला सड्याची पलीकडची कड, तिसऱ्या अंगाला काजूची जुनी बाग. चालता चालता मी थांबले. मला गावात यंत्र ठेवायची गरजच नव्हती. दोन यंत्रं गावाच्या दोन बाजूंना असली की त्यांच्या मधली वाट गावाच्या खालूनच जाते. शिवेवर यंत्रांचं कडं घातलं की सगळ्या वाटा वरल्या वाडीच्या खाली एकमेकींना कापणार होत्या. आणि मधलं गाव तर देवासाठी रिकामं होणार होतं. त्यांनी मला हाकललं, ते बरोबर मला हव्या त्या जागी. दुसऱ्या दिवशी आम्ही शिवेच्या बाहेरून सगळी यंत्रं पुरली.

गाव निघालं तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. पुढं ढोल, मागं तरंग, म्हणजे साड्या नेसवलेले देवाचे खांब, त्यांच्यामागं गुरांची घंटा न घंटा वाजत. टोपल्यांत कोंबड्या, खांद्यांवर पोरं. बायांनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मागं न बघता चालायला लागल्या. नंदूनं नव्या घराला कुलूप घातलं, पुन्हा मागं जाऊन ते ओढून बघितलं. चिरेखाण गप्प झाली. एकेक करून पंप गप्प झाले. आणि मग अशी शांतता पडली, की इतके दिवस मला न ऐकू आलेला समुद्र त्या दोन टेकड्यांपलीकडून कानाला लागला.

माझ्या खोपीला कुणी झाप दिला नाही. आम्ही ताडपत्री बांधली. पाण्याच्या रांगेत मी गेले की रांग माझ्या पुढून आणि मागून सरकायची, मी मधे एकटी. माझी घागर कुणीतरी पायानं लोटली, ती गडगडत ओहोळापर्यंत गेली आणि सगळ्या बाया दुसरीकडे बघत राहिल्या. एकटी भागीबाय माझ्याजवळ येऊन बसली. ती घाडीची विधवा बहीण. तिला माझा लळा नव्हता, तिला उत्सुकता होती. ती तांदूळ निवडत बसली आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती.

*शीव वलांडून गो मांडलो संसार*
*मागे देव येकलो राखता घरदार*

मी म्हटलं, पुढची ओळ सांगा. ती म्हणाली, पुढची माझी मलाच सुचली तर सांगेन. मग विचारलं, त्या डब्यात तू ऐकतेस तरी काय?

माझी आई जात्यावर गायची, हे मी तिला सांगितलं. शेजारच्या घरी काकू दळायची. आईनं ओवी धरली की भिंतीपलीकडून काकू तीच ओवी उचलायची, जराशी मागून. मी मधल्या भिंतीला कान लावून झोपायचे. दोघींच्या आवाजातलं ते जरासं अंतर मला झोपेतही कळायचं. पावसाळ्यात भिंत ओल धरायची, तेव्हा काकूचा आवाज बद्द यायचा. भिंत न बघताच मला कळायचं की ती भिजली आहे.

भागीबाय तांदळातून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि आमची भित भिजली आसा?"

"दोन दिवसांत सांगते," मी म्हटलं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी ताडपत्रीखाली नोंदी लावल्या. पहिली जोडी सरकवली आणि ती इतकी स्वच्छ जुळली की दस्तगीरभाई "या अल्ला" म्हणाले. पंपाचा सूर नाही, खाण नाही, पावलं नाहीत. फक्त समुद्र, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा. खालच्या वाडीखालून लाट पळत गेली होती. देवळाखालून पळत गेली होती. वरल्या वाडीखालून जाणारी प्रत्येक वाट मात्र पाय ओढत गेली होती. सगळ्या वाटा मी एकत्र मांडल्या. भेगेपासून खाली, घाडीच्या अंगणाखालून नंदूच्या स्लॅबच्या घरापर्यंत एक जाड, मऊ, पाण्यानं फुगलेला पट्टा दिसत होता, आडवी पडलेली जीभ असावी तसा. डिसेंबरात, पाऊस संपून दोन महिने झाल्यावर.

मी तशीच उठून घाडीच्या खोपीकडे गेले. उद्या सकाळी कौल होता. देवानं बोलावलं की वरली वाडी त्या पट्ट्यावर परत जाणार होती, आणि माझा अहवाल कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत बसणार होता.

तो खोपीबाहेर पंचा पसरून बसला होता. मी सगळं सांगितलं. पंपांचं, समुद्राचं, शेडीचं. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"डोंगर कधी पडात?"

"ते नाही सांगता येत," मी म्हटलं. "पुढच्या पावसात पडेल. किंवा दहा वर्षं पडणार नाही. पण खाली आधार नाही, हे नक्की."

"म्हणजे तुका म्हायत नाय."

"कधी ते माहीत नाही. काय आहे ते माहीत आहे."

तो हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिला, आणि त्यात काही गोड नव्हतं. "माजो देव हो सांगता, नायतर नाय सांगता. तुजो देव कदाचित सांगता. कदाचितावर मी पंधरा घरांच्या चुली विझवू?"

मी म्हटलं, त्यांत तुमचंही घर आहे.

"ता माका तू सांगू नको."

मग त्यानं भागीबायला हाक मारून पाणी मागितलं, आणि मी तिथं नाहीच असं धरून प्यायला लागला. मी परत फिरले. वाटेत नंदूनं मला गाठलं. घाडीला काय सांगितलंस, म्हणून विचारत राहिला, आणि मी खरं तेच सांगितलं. तो इतका शांत झाला की मला भीती वाटली. म्हणाला, माझं घर मी मस्कतच्या उन्हात भाजून बांधलंय, तुझ्या डब्याला विचारून नाही. उद्या मी घरात शिरणार आणि तू गाडीत. यात काही बदल झाला तर तुझी गाडी सड्याच्या भेगेत मिळेल.

सकाळी सगळं गाव शिवेच्या पाषाणाभोवती जमलं. पाषाण म्हणजे छातीएवढा उभा काळा दगड, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेला. त्याच्या दोन्ही अंगांना तगरीची भिजवलेली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार.

मी मागं उभी होते. घाडीनं मान न वळवता सांगितलं, "त्या बाईक फुडे हाडा. हय, पाषाणाच्या उशाक. सगळ्यांका दिसांदे."

मला दंडाला धरून पुढं नेलं. दगडाच्या डोक्याशी उभं केलं, तोंड लोकांकडं. घाडीची पाठ लोकांकडे आणि तोंड माझ्याकडे. दोघांच्या मधे फक्त पाषाण. गर्दीत कुणीतरी थुंकलं.

त्यानं पहिला प्रश्न घातला. गावानं तुझी आज्ञा पाळली, आता गावाला घरात घे. पाकळ्या चिकटून राहिल्या. गुरं हंबरत होती. मग उजवी पाकळी सुटली, घरंगळली, आणि गर्दीतून सुस्कारा उठला. ढोलकऱ्यानं टिपरी उचलली.

"थांब," घाडी म्हणाला. "वरल्या वाडीचा येगळा इचारतंय."

नंदू पुढं आला. असं कधी झालं नाही, म्हणाला. गावाचा कौल एकच असतो, वाडीचा वेगळा कौल कुणी ऐकलाय? दोन-चार जण त्याच्या बाजूनं बोलले. घाडीनं तितक्याच खालच्या आवाजात विचारलं, "घाडी तू की मी?"

नंदू दोन पावलं मागं सरकला.

त्यानं तांब्यातून दोन नव्या पाकळ्या काढल्या. उजवी काढली ती पाण्यानं निथळती, ती दगडाला लावून तळव्यानं दाबली. डावी काढली. ती लावण्याआधी त्यानं हात छातीशी नेला आणि अंगावरच्या पंच्याच्या टोकाला, अंगठ्यानं, ती पाकळी टिपली. एकदा एका बाजूनं, एकदा दुसऱ्या. मग ती अलगद लावली. वर बघितलं नाही.

प्रश्न पुरा व्हायच्या आत डावी पाकळी गळून पडली.

इतकी शांतता झाली की मला पुन्हा समुद्र ऐकू आला. मग एका बाईनं टाहो फोडला. नंदू ओरडत होता की पुन्हा लाव, पुन्हा लाव. घाडी उभा राहिला, लोकांकडे वळला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिणा शिवेवर कान पुरल्यान. देवाक ता रुचला नाय. वरल्या वाडीची वाट देवान बंद केल्यान. फुडच्या गावपळणीपर्यंत थय चूल पेटाची नाय."

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणीतरी माझे केस धरले. दस्तगीरभाईंच्या कानशिलावर ढेकूळ बसलं. ओहोळाच्या बाजूची यंत्रं उपटून दगडावर आपटल्याचा आवाज. बाया शिव्या देत होत्या, त्या शिव्यांनासुद्धा ओवीसारखा ठेका होता. नंदू मात्र मला हात लावत नव्हता. तो गुडघ्यांवर बसून पाषाणापाशी पडलेली पाकळी शोधत होता. घाडी गर्दीतून वाट काढत आमच्या गाडीपर्यंत आला, दार उघडून मला आत ढकललं, आणि बाकीच्यांनी जे म्हटलं असतं तेच म्हणाला.

"जा. परत येव नको."

गाडी महामार्गाला लागली तरी दस्तगीरभाई कानशिलावर फडकं दाबून घाडीला मिरजेतल्या सगळ्या शिव्या घालत होते. देवाच्या नावावर आपला बळी दिला म्हणत होते. मी त्यांना थांबवलं नाही, आणि मी काय पाहिलं तेही सांगितलं नाही.

अहवाल मी दिला. तो वर गेला आणि वरच राहिला. पहिला पावसाळा आला, मी रोज पावसाचे आकडे बघत होते. सडा हलला नाही. दस्तगीरभाईंनी कुठून कुठून बातमी आणली की वरल्या वाडीची माणसं काजूच्या बागेत खोपी करून राहिलीत, आणि घाडीला शिव्या घालतायत. बाबलनं गावपळणीनंतर महिन्याभरात कौल सोडला होता. हातात बळ नाही म्हणाला आणि पुतण्याच्या हाती पाषाण दिला. नंदू पुतण्याच्या मागं लागला होता, नवा कौल लाव म्हणून. पुतण्या घाबरट, चुलत्यानं दिलेला कौल फिरवायची त्याची छाती नव्हती. तरी दुसरा पावसाळा सरला की दिवाळीत घरी जायचंच, असं नंदूनं ठरवलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, भर दुपारी सडा खाली आला.

मी गेले तेव्हा पाऊस थांबला होता. वरली वाडी नव्हती. तिथं लाल-गुलाबी चिखलाचा लोंढा होता, त्यातून नंदूच्या स्लॅबचा एक कोपरा तिरका वर आला होता. माणूस एकही गेलं नव्हतं. काजूच्या बागेत मला बघून बाया उठल्या आणि वाट सोडून उभ्या राहिल्या. नंदू दिसला. त्यानं मान फिरवली. देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, असं तो शेजारच्याला मोठ्यानं सांगत होता, मला ऐकू जावं म्हणून.

बाबल घाडी खोपीच्या दारात माडाच्या झावळीच्या हिरांची केरसुणी बांधत बसला होता. दारात नारळांचा ढीग. लोकांनी आणून टाकलेले, देवानं वाचवलं म्हणून. एकही फोडलेला नव्हता. मला बघून त्याचे हात थांबले.

"तुका येव नको म्हणान सांगितलं होतंय."

मी म्हटलं, मी पाहिलं होतं. पंच्याला टिपलेली पाकळी.

"म्हायत आसा. म्हणानच तुका फुडे उभी केलंय." तो हीर निवडत राहिला. "कुणीतरी येकान बघूक व्हया होता. देवान तर बघितल्यानच."

मी विचारलं की मग माझ्यावर का ढकललं. त्यानं मला खुळी समजावं तसं बघितलं. लोकांना कारण लागतं, म्हणाला. तू परकी होतीस, जाणार होतीस.

मग त्यानं केरसुणी खाली ठेवली.

"येक सांगतंय, मगे जा. पाकळी मी पाडलंय. म्हणजे कौल खोटो. देवाचो कौल माज्या हातान खोटो झालो. तो खरो होवचो तर डोंगर पडाक व्हयो होतो. दोन पावस मी रोज सकाळी देवळाभायर उभो रवान मागी होतंय. डोंगर पाड. माजा घर घे, नंदूचा घर घे, पण डोंगर पाड." त्याचा आवाज अजूनही वर गेला नव्हता. "आता तो पडलो. लोक नारळ हाडतत. तो देवान माजा ऐकान पाडल्यान, की तुज्या मातीनच पडलो, ह्या माका आता कोण सांगात? कौल लावक माका हात नाय."

जे मला माहीत होतं, ते त्याच्या काही कामाचं नव्हतं.

त्यानं केरसुणी पुन्हा उचलली, दोरीला पीळ दिला आणि दातांनी ती आवळली.

"जा आता," तो म्हणाला. "तू दिसलंस की माका उत्तर व्हया वाटता."